उचलायला नोटीस लागत नाही, विकायला लागते

प्रश्न थोडक्यात असा. नागपूरच्या मनीषनगरात राहणारे वडील गेल्या पावसाळ्यात वारले. मुलगा पुण्यात नोकरीला. वडिलांची वॅगनआर घरासमोरच्या गल्लीत उभी होती, ती तशीच राहिली. सात महिन्यांनी मुलगा येऊन पाहतो तर गाडी नाही. चोरीची तक्रार द्यायला ठाण्यात गेला, तर गाडी त्याच ठाण्याच्या आवारात, बेवारस वाहनांच्या रांगेत, काचेवर खडूने आकडा टाकलेली. "भाऊ, पेपरात दिलं होतं ना! पुढच्या आठवड्यात लिलाव आहे," असं उत्तर मिळालं. त्याचं म्हणणं, घरी एक चिठ्ठीसुद्धा आली नाही; मालकाला कळवणं कायद्याने बंधनकारक नव्हतं का? जाता जाता त्याने हेही विचारलंय, की मामांच्या त्रिमूर्तीनगरातल्या सोसायटीत तीन वर्षांपासून कुणाची तरी गाडी धूळ खात पडली आहे, ती सोसायटीने विकली तर चालेल का?

मी नागपूरच्या जिल्हा न्यायालयात वकिली करतो आणि माझ्या कामातला मोठा वाटा मुद्देमालातल्या गाड्या सोडवण्याचा आहे. म्हणून आधी घाईचं सांगतो, कायदा मागाहून.

लिलाव पुढच्या आठवड्यात असेल तर आजच साध्या कागदावर हरकत अर्ज लिहा. गाडीचा क्रमांक, ती कुणाच्या नावावर आहे, वडिलांच्या मृत्यूची तारीख आणि तुम्ही वारस म्हणून ताबा मागता आहात, एवढं पुरे. तीन पानी कैफियत नको. एक प्रत ठाण्यात द्या, एक पोलीस आयुक्तांच्या कार्यालयात. दोन्ही ठिकाणी आपल्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय परत फिरू नका. "साहेबांच्या कानावर घालून आलो" याला पुढे कुठल्याही कोर्टात किंमत नसते. आरसीची प्रत, विम्याचा कागद, मृत्यूचा दाखला आणि तुमचं आधार सोबत जोडा. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी गाडीच्या ताब्यासाठी दंडाधिकाऱ्यांपुढे अर्ज लावा. माहितीच्या अधिकारात अर्ज टाकू का, असं लोक विचारतात. टाका, पुढे कामी येतो; पण त्याला तीस दिवस लागतात आणि तुमच्या हातात सात आहेत.

ठाण्यात गेलात की मुद्देमाल कारकुनाला एकच प्रश्न विचारा: गाडी कोणत्या कलमाखाली आणली? सगळं त्यावर ठरतं. आवारात ओळीने उभ्या असलेल्या गाड्या बाहेरून सारख्याच दिसतात, सगळ्यांवर सारखीच धूळ. पण त्या वेगवेगळ्या दारांनी आत आलेल्या असतात, आणि कळवण्याचं बंधन दारागणिक बदलतं.

पहिलं दार टोईंगचं. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चं कलम १२७. सार्वजनिक जागी गाडी दहा तास किंवा जास्त वेळ बेवारस वा विनारखवाल उभी असेल, किंवा जिथे उभी करायला कायद्याने मनाई आहे तिथे उभी असेल, तर गणवेशातला हद्दीतला पोलीस अधिकारी ती उचलून न्यायला किंवा जॅमर लावायला सांगू शकतो. मोडकी, जळालेली, अर्धवट सुटे भाग काढलेली गाडी वाहतुकीला धोका होत असेल तर दहा तासही थांबावं लागत नाही. उचलण्याचा खर्च मालकाच्या डोक्यावर, दंड वेगळा. हे कलम मी पक्षकारांना वाचायला देतो तेव्हा ते दोनदा वाचतात आणि विचारतात, "यात मालकाला कळवा असं कुठे आहे?" नाही. उचलण्याआधी नोटीस द्या असं या कलमात एका शब्दानेही म्हटलेलं नाही, आणि ते समजण्यासारखं आहे. बर्डीवर व्हरायटी चौकात कुणी गाडी आडवी लावून गेला तर त्याला टपालाने कळवून उत्तराची वाट बघत बसता येत नाही.

महानगरपालिकेचंही तेच. नागपूरला पूर्वी १९४८ चा स्वतःचा महापालिका कायदा होता. २०१२ पासून इतर शहरांसारखाच महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ इथे चालतो. त्याच्या कलम २३१ खाली रस्त्यात ठेवलेली वस्तू महापालिका आयुक्त विनानोटीस हटवू शकतात. तेव्हा "मला न सांगता उचललीच कशी" या मुद्द्यावर भांडू नका. तिथे बहुतेकदा हरायला होतं. अपवाद एकच, जिथून उचलली तिथे मनाई होती का? कलम ११६ खाली फलक लागतात, ११७ खाली वाहनतळाच्या जागा ठरतात, आणि मारबतीला किंवा धम्मचक्र प्रवर्तन दिनाला रस्ते बंद होतात ते त्या-त्या वेळच्या अधिसूचनेने. फलकही नाही, अधिसूचनाही नाही, वाहतुकीच्या नियमात मनाई असलेली जागाही नाही आणि दहा तासही झाले नाहीत, असं असेल तर टोईंगच बेकायदा ठरतं. त्यासाठी त्याच दिवशीचे फोटो लागतात. महिन्याभराने काढलेल्या फोटोत फलक दिसतो आणि तो कालच लावला हे तुम्ही कशावर सिद्ध करणार?

दुसरं दार कलम २०७ चं. नोंदणी किंवा परवान्याशिवाय चालवलेली गाडी अडकवून ठेवणं. इथे चालक जागेवर हजर असतो, त्यामुळे न कळवण्याचा प्रश्न सहसा येत नाही. कागद घेऊन जायचं, गाडी सोडवायची.

तिसरं दार फौजदारी जप्तीचं. चोरीची असल्याचा संशय, गुन्ह्यात वापरल्याचा संशय. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ चं कलम १०६. १ जुलै २०२४ पूर्वीची जप्ती असेल तर जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १०२. जप्त केल्यावर दंडाधिकाऱ्यांना ताबडतोब कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे.

आणि चौथं, महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ८२ चं. बेवारस मालमत्ता पोलिसांनी ताब्यात घ्यायची, आणि त्यापुढच्या कलमांप्रमाणे जाहीरनामा काढून हक्कदाराला बोलवायचं, कुणी आलं नाही तर विल्हेवाट लावायची. गल्लीतून आणलेल्या गाड्या बहुतेक याच दाराने आत येतात. तुमचीही तशीच आली असावी. आयुक्तालयाच्या हद्दीत ही प्रक्रिया पोलीस आयुक्तांकडे जाते, म्हणूनच वर म्हटलं की अर्जाची एक प्रत तिथे द्या. म्हणजे तुम्हाला दोन ठिकाणी धावावं लागेल: आदेश आयुक्तांचा असेल तर तिथे हक्क सिद्ध करायचा, जप्तीचा अहवाल दंडाधिकाऱ्यांकडे गेला असेल तर कोर्टात. कोणतं लागू आहे हे कळायला दोन दिवस लागतात, म्हणून मी दोन्हीकडे अर्ज देतो. कुणी हसलं तर हसू द्यावं.

आता मूळ मुद्दा. "बेवारस" म्हणजे काय याची व्याख्या मोटार वाहन अधिनियमात नाही. व्यवहारात ती शेजारी ठरवतो. नागपूरचा उन्हाळा गाडीला दोन महिन्यांत म्हातारी करतो. चाकातली हवा जाते, काचेवर धुळीचा थर, वायपरखाली कडुनिंबाचा पाला. समोरच्याला आपली गाडी लावायला जागा हवी असते. तो ठाण्यात फोन करतो, "इथे एक गाडी कवापासून पडून राहिली आहे." शिपाई येतो, पंचनामा होतो, त्यात "बेवारस स्थितीत" हे दोन शब्द पडतात आणि गाडीची जात बदलते. वास्तविक बेवारस म्हणजे मालकाने हक्क सोडून दिलेली. चाकात हवा नाही म्हणजे मालकाने हक्क सोडला, असं होत नाही. पंधरा वर्षांची नोंदणी संपली म्हणजे मालकी संपली, असंही नाही. ती गाडी रस्त्यावर चालवता येत नाही, एवढंच.

आणि आता तो फरक, ज्यावर अशी प्रकरणं जिंकली जातात. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ५०३ (जुनं ४५७) नीट वाचा. ते दोन परिस्थिती वेगळ्या धरतं. ताब्याचा हक्कदार माहीत असेल, तर दंडाधिकारी मालमत्ता त्याला देण्याचा आदेश करू शकतात. हक्कदार अज्ञात असेल, तर आणि तरच जाहीरनामा काढायचा, आणि जाहीरनाम्याच्या तारखेपासून सहा महिन्यांत हक्क सांगा म्हणायचं. सहा महिन्यांत कुणी आलं नाही तर कलम ५०४ खाली मालमत्ता शासनाच्या हाती जाते आणि विकता येते. जाहीरनामा हा अनोळखी मालकासाठीचा रस्ता आहे. रस्त्यात सापडलेली सोन्याची अंगठी, त्यावर नाव नाही, पत्ता नाही. तिच्यासाठी पेपरात देणं बरोबर. पण एमएच ३१ किंवा एमएच ४९ अशी पाटी लावलेल्या गाडीचा मालक अज्ञात कसा? सरकारच्या ऑनलाइन 'वाहन' नोंदणी प्रणालीत क्रमांक टाकला की नाव, पत्ता, बँकेचा बोजा, विमा कंपनी, सगळं समोर येतं. पाटी काढून टाकली असेल तर चेसिस आणि इंजिन क्रमांक आहेत. चोरीची आहे का, हेही पोलिसांच्या नोंदींवरून तपासता येतं. मिनिटभरात जो सापडतो त्याला "अज्ञात" म्हणणं म्हणजे शोधायचाच कंटाळा करणं.

म्हणून माझा युक्तिवाद नेहमी इथून सुरू होतो: नोंदणीच्या पत्त्यावर काय पाठवलं ते दाखवा. प्रत दाखवा, टपालाची पावती दाखवा, पोच किंवा परत आलेलं पाकीट दाखवा. धारिकेत यातलं काही नसेल आणि नुसतं वर्तमानपत्राचं कात्रण असेल, तर लिलाव थांबवायला बहुतेक वेळा तेवढं पुरतं. नागपूरच्या पेपरात आतल्या पानावर, पन्नास-साठ गाड्यांच्या यादीत, मुंगीच्या अक्षरात आपल्या वडिलांच्या गाडीचा क्रमांक कोण शोधत बसतो?

घटनेच्या अनुच्छेद ३००-अ प्रमाणे कायद्याच्या आधाराशिवाय कुणाचीही मालमत्ता काढून घेता येत नाही. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कोलकाता महानगरपालिका विरुद्ध बिमल कुमार शाह या निकालात या अनुच्छेदाच्या पोटात काय-काय येतं ते मोकळं करून सांगितलं. त्यात नोटिशीचा हक्क आणि म्हणणं ऐकून घेतलं जाण्याचा हक्क हे पहिले दोन. प्रकरण जमिनीचं होतं हे खरं, पण अनुच्छेदात शब्द "मालमत्ता" असा आहे आणि वॅगनआर ही मालमत्ताच आहे.

यापेक्षाही मला जवळचा वाटतो तो एक जुना निकाल. गुजरात राज्य विरुद्ध मेमन महंमद, १९६७. जुनागढ संस्थानाच्या जकात अधिकाऱ्यांनी एका माणसाचे दोन ट्रक आणि एक स्टेशन वॅगन जप्त केली. त्याचं अपील चालू होतं. मधल्या काळात गाड्या उघड्यावर पडून राहिल्या, भाग चोरीला गेले, आणि शेवटी दंडाधिकाऱ्यांकडून आदेश घेऊन त्या "बेवारस माल" म्हणून विकल्या गेल्या. म्हणजे मालक समोर उभा, अपिलात भांडतोय, आणि माल मात्र बेवारस! पुढे अपील मालकाच्या बाजूने लागलं आणि गाड्या परत करा म्हटलं तर द्यायला काही उरलं नव्हतं. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की जप्त केलेली वस्तू सरकारकडे ठेवीसारखी असते. तिची वाजवी काळजी घेणं आणि वेळ आली की परत देता येईल अशी ठेवणं हे सरकारचं कर्तव्य आहे. ठेवीचा करारच हवा असं नाही. साठ वर्षं होत आली, पण ठाण्याच्या आवारात गेलं की हा निकाल शिळा झालाय असं वाटत नाही.

सर्वोच्च न्यायालयाचा २००२ चा सुंदरभाई अंबालाल देसाईंचा निकाल तर प्रत्येक सुपुर्दनाम्याच्या (म्हणजे जप्त गाडी ताब्यात मागण्याच्या) अर्जात असतोच. गाड्या ठाण्यात सडवत ठेवून कुणाचाही फायदा नाही. फोटो काढा, पंचनामा करा, बंधपत्र घ्या आणि द्या. पंधरा दिवस ते महिन्याच्या वर मुद्देमाल ठाण्यात राहू नये असं न्यायालयाने म्हटलं. मालक पुढे येत नसेल तर गाडीच्या विमा कंपनीलाही नोटीस काढायची. दोघांपैकी कुणीच ताबा घेतला नाही तरच लिलाव, आणि तो आदेशही गाडी कोर्टापुढे आल्यापासून सहा महिन्यांत व्हायला हवा. विमा कंपनीचा हा मुद्दा बरेच वकील सोडून देतात. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेचंही तसंच. तिला कळवलं नसेल तर तीही हरकत घेऊ शकते, आणि बँकेच्या पत्राला ठाण्यात तुमच्या अर्जापेक्षा लवकर उत्तर मिळतं, हा माझा अनुभव.

इथवर वाचून तुम्हाला वाटेल की प्रकरण खिशात आहे. तसं नाही. आता तुमच्या बाजूची ठिसूळ जागा.

कळवण्याचं बंधन आहे ते नोंदणीच्या पत्त्यावर. योग्य पत्ता लिहून, पैसे भरून, नोंदणीकृत टपालाने पाकीट टाकलं की सामान्य वाक्खंड अधिनियम (जनरल क्लॉजेस ॲक्ट), १८९७ च्या कलम २७ प्रमाणे ते पोचलं असं धरलं जातं. पोचलं नाही हे मग तुम्ही सिद्ध करायचं. आता समजा पोलिसांनी खरंच वडिलांच्या नावाने पाकीट पाठवलं आणि घर बंद होतं म्हणून ते परत आलं. मग? तुमचं उत्तर असं: नोटीस मेलेल्या माणसाला बजावता येत नाही, वारसाला कळायला मार्ग नव्हता. हे उत्तर चांगलं आहे. पण लगेच उलटप्रश्न येतो, तुम्ही आरटीओला कळवलं का? केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या नियम ५६ प्रमाणे मालक गेल्यावर वारसाने तीस दिवसांत नोंदणी प्राधिकाऱ्याला कळवायचं असतं आणि तीन महिन्यांत नमुना ३१ मध्ये नाव लावायचा अर्ज करायचा असतो. सात महिने काहीच केलं नाही, हे लपवू नका. अर्जातच लिहा, की तेरवी, नोकरी, आई आजारी, जे खरं असेल ते. दंडाधिकारीही माणूसच असतो. त्याच्याही घरी कुणाची तरी गाडी अशी उभी असते. या दिरंगाईने तुमची मालकी जात नाही, नोटिशीबद्दलची तक्रार तेवढी बोथट होते.

पत्त्याचा हा घोळ वारसांपुरता नाही. घर बदललं की तीस दिवसांत आरटीओला कळवायचं, हे कलम ४९. गाडी विकली की विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात चौदा दिवसांत कळवायचं, हे कलम ५०. नागपुरात हे किती जण करतात ते गिरीपेठच्या आरटीओबाहेर तासभर उभं राहिलं की कळतं. कामठीचा माझा एक पक्षकार होता. दुचाकी पाचशेच्या स्टँपपेपरवर विकली आणि विसरला. घेणाऱ्याने ती कुठेतरी सोडून दिली. पोलिसांचं पत्र या गृहस्थाकडे आलं. "माझी गाडीच नाही ती," म्हणून त्याने पत्र कोपऱ्यात टाकलं. स्टँपपेपर त्याच्या दृष्टीने सर्वकाही होता. पण सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या नवीन कुमार निकालानंतर यात शंका उरलेली नाही, नोंदवहीत ज्याचं नाव तोच कायद्याच्या नजरेत मालक. त्या दुचाकीचा अपघात झाला असता तर भरपाईचा दावाही याच्याच दारात आला असता. त्याचं नशीब, ती नुसतीच सडली.

लिलाव होऊन गेला असता तर काय, हेही सांगून ठेवतो, कारण हे वाचणाऱ्यांत तशा स्थितीतले लोक असतील. गाडी परत मिळणं अवघड. रीतसर लिलावात घेणारा नियम ५७ खाली नमुना ३२ भरून तीस दिवसांत नावावर करायला जातो आणि नाव चढलं की तो तुमच्यापेक्षा मजबूत. तुमचा हक्क पैशांत उरतो. लिलावाच्या रकमेवर, आणि नोटीस न देता विकली असेल तर नुकसानभरपाईवर. मेमन महंमदचा निकाल तिथे कामाला येतो. मात्र घड्याळ बघा. शासनावर दावा लावायचा तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस आधी लागते, आणि दुसरीकडे पोलीस अधिनियमाच्या कलम १६१ मध्ये अधिकाराच्या नावाखाली केलेल्या कृत्यांबद्दलच्या दाव्याला सहा महिन्यांची मुदत आहे. ती तुमच्या दाव्याला लागू होते की नाही यावर वाद घालता येतो, पण वाद घालण्यापेक्षा सहा महिन्यांच्या आत दावा लावलेला बरा. "आधी साहेबांना भेटून पाहतो" यात चार महिने सहज जातात.

आता मामांची सोसायटी. इथे उत्तर लोकांना आवडत नाही.

सोसायटीचं वाहनतळ ही मोटार वाहन अधिनियमाच्या अर्थाने सार्वजनिक जागा नाही. लोकांना तिथे हक्काने जाता येत नाही. म्हणून कलम १२७ तिथे चालत नाही आणि पोलीस "खाजगी जागा आहे, तुमचं तुम्ही पाहा" म्हणतात ते चूक नाही. मग सचिव भंगारवाल्याला बोलावतात. हे करू नका. सोसायटीला गाडी विकण्याचा अधिकार कुठल्याच कायद्याने दिलेला नाही. उद्या मालक उगवला तर चोरीची नाही तरी अपहाराची तक्रार होईल, आणि सर्वसाधारण सभेचा ठराव हा फौजदारी प्रकरणात बचाव होत नाही. शिवाय सही कोण करणार? आरसीवरच्या मालकाच्या सहीशिवाय ना नाव बदलतं, ना नोंदणीकृत स्क्रॅप केंद्र ती गाडी रीतसर घेतं.

कुणी हुशार माणूस भारतीय करार अधिनियमाचं कलम १६९ दाखवतो. सापडलेल्या वस्तूचा मालक वाजवी शोध घेऊनही मिळत नसेल, किंवा मिळूनही खर्च देत नसेल, आणि वस्तू नष्ट होण्याच्या बेतात असेल किंवा खर्च किमतीच्या दोन तृतीयांशावर गेला असेल, तर सापडणारा ती विकू शकतो. कलम खरं आहे. पण ते हरवलेल्या वस्तूसाठी आहे, आणि कुणीतरी स्वतः आणून लावलेली गाडी हरवलेली कशी म्हणायची? मी सोसायट्यांना या कलमावर उडी मारू देत नाही. गॅरेजवाल्यांचीही अशीच समजूत असते. दुरुस्तीचे पैसे मिळेपर्यंत गाडी अडवून ठेवण्याचा हक्क त्यांना कलम १७० देतं. विकण्याचा देत नाही.

करायचं ते असं. वाहन प्रणालीवरून मालकाचं नाव आणि आरटीओ काढा, पूर्ण पत्ता दिसत नाही तेव्हा आरटीओकडे लेखी मागा किंवा ठाण्यामार्फत मागवा. त्या पत्त्यावर स्पीड पोस्टने पत्र पाठवा: गाडी अमुक तारखेपासून इथे आहे, इतक्या दिवसांत न्या, नंतर इतका आकार लागेल. परत आलेलं पाकीट फोडू नका, तसंच जपून ठेवा. तेच पत्र गाडीच्या काचेवर आणि सूचना फलकावर लावून तारखेसह फोटो काढा. ठाण्यात लेखी कळवा आणि ती चोरीची आहे का ते तपासून द्या अशी विनंती करा. अशा गाड्यांतल्या काही चोरीच्या निघतात आणि मग प्रश्न आपोआप सुटतो. तरीही कुणी आलं नाही आणि मालक सभासद असेल तर सहकार न्यायालय, नसेल तर दिवाणी न्यायालय, आणि तिथून हटवण्याचा आदेश. दोन-तीन वर्षं जातील. तोवर गाडी ढकलून कोपऱ्यात लावा, पण हलवण्याआधी आणि हलवल्यानंतर फोटो काढा, नाहीतर तिच्यावरचा प्रत्येक जुना ओरखडा सोसायटीच्या नावावर जमा होईल.

परत तुमच्या वॅगनआरकडे. दंडाधिकाऱ्यांचा आदेश झाला की ते बंधपत्र मागतील, बहुधा एक जामीनदारही. आई आणि बहिणीचं नाहरकत शपथपत्र आधीच करून ठेवा. वारसांत एकमत आहे हे दिसलं की अर्धं काम होतं. वडिलांनी आरसीवर नामनिर्देशन केलेलं असेल (२०२१ पासून तशी सोय आहे) तर आणखी सोपं. आदेशाची प्रमाणित प्रत घेऊन ठाण्यात गेलात की ताबा पावतीवर सही करण्याआधी गाडीभोवती एक फेरी मारा. बॅटरी, स्टेपनी, टेप, आतले कागद. मूळ पंचनाम्यात काय लिहिलं होतं आणि आता काय आहे ते जुळवा, आणि कमी असेल ते पावतीवरच स्वतःच्या हाताने लिहा. "नंतर पाहू" म्हणून कोरी सही दिलीत तर बॅटरी आधीपासूनच नव्हती, असं उत्तर मिळेल. टोईंगचा खर्च मागतील तो पावती घेऊन द्या.

आणि गाडी सुटली म्हणून चालवत घरी नेऊ नका. सात महिन्यांत विमा आणि पीयूसी दोन्ही संपलेले असू शकतात, नाव अजून वडिलांचंच. मनीषनगरच्या उड्डाणपुलाखाली कुणी हात दाखवला तर दंड तुमच्याच खिशातून. फ्लॅटबेड बोलवा, घरी न्या, आधी विमा काढा, मग नमुना ३१.